दोनशे माणसं आणि सातबारा
अनुसूचित जातींच्या नवउद्योजकांनी अमेरिकेसारखं ॲपवरून लोकांकडून पाच-पाच हजार गोळा करून त्यांना कंपनीचे शेअर द्यावेत, म्हणजे बँकेची पायरी चढायला नको, असं काही जण सुचवतात. तळमळ शंभर टक्के पटते, पण सध्या तसं करायला गेलात तर अडकाल. तिकडे २०१६ पासून त्यासाठी वेगळे नियम लागू आहेत. इथे प्रायव्हेट कंपनीला एका आर्थिक वर्षात सर्वसाधारणपणे २०० जणांपुढेच शेअर देऊ करता येतात, तेही जाहिरात न करता. अशा प्लॅटफॉर्मना मान्यता नाही, हे सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, २०१६ मध्येच बजावलंय.

बँकेचं म्हणाल तर माझ्या बहिणीनं मसाल्याच्या युनिटसाठी 'स्टँड-अप इंडिया' या अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उद्योजकांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेत अर्ज केला होता. तेव्हा त्यात १० लाख ते १ कोटी कर्ज मिळायचं, तारणाऐवजी सरकारी पत हमीही चालायची. तरी शाखेत पहिला प्रश्न आला, "सातबारा कुणाच्या नावावर?" आमच्या तीन पिढ्यांत कुणाच्याच नाही. गिरणीचं कोटेशन तिच्या मांडीवरच राहिलं. अशांना कर्ज नाही, भागभांडवलच (उद्योगातल्या हिश्श्याच्या बदल्यात मिळणारा पैसा) हवं. २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' सुरू झालं: इन्क्युबेटरमधल्या (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रातल्या) उद्योगाला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल. कॉलेजला इन्क्युबेटर असेल तर आधी तिथं चौकशी करा.