रिडीमेबल कव्हर नको, सरळ तिकीट लावा: मुंबईतल्या इंडी गिगचा पैसा जातो कुणाकडे?

तिसरीघंटा (धागाकर्ता)

मुद्दा थेट मांडतो. खार, वांद्रे, लोअर परळमध्ये स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडचा कार्यक्रम असला की दारावर दोनपैकी एक पद्धत असते. एक, "१००० कव्हर, पूर्ण रिडीमेबल", म्हणजे दारावर भरलेले पैसे आत खाण्यापिण्याच्या बिलात वळते होतात. दुसरी, साधं तिकीट, ज्यावर खायला-प्यायला काही मिळत नाही. पहिल्या पद्धतीत तुमचे हजार रुपये किचन आणि बारमध्ये जिरतात, बँडला ठरलेलं मानधन मिळतं. ऐकायला कोण आलं आणि जेवायला कोण, हे कुणालाच कळत नाही.

आता तिकिटाचा हिशेब. १२० माणसांची खोली, तिकीट ४९९, विकली ९०. जमा ४४,९१०. (४९९ उगाच नसतं. ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ, त्यावर गेलं की १८ टक्के.) तिकीट विकणाऱ्या ॲपला १० टक्के धरा, साउंड इंजिनिअर आणि भाड्याचा ड्रमसेट-ॲम्प मिळून १२,००० धरा. उरले २८,४१९. ७०:३० वाटणीत (७० बँडचे, ३० जागेच्या मालकाचे) बँडला १९,८९३. चौघे असतील तर माणशी पाच हजारांच्या आत, आणि तालमीच्या खोलीचं भाडं त्यातूनच. फार नाहीत हे मान्य. पण पुढच्या खेपेला १२० आले तर हाच आकडा २९,३२४ होतो. मानधन मात्र होतं तिथेच राहतं.

म्हणून माझं मत: रिडीमेबल कव्हर दिसलं की जाऊच नका.

विरारफास्ट

साफ असहमत. ४९९ चं तिकीट, वर स्टेशनपासून रिक्षा, आणि कार्यक्रम नऊचा सांगून सुरू दहाला. विरार किंवा बदलापूरला राहणाऱ्याला शेवटची लोकल धरायची असते, त्यामुळे तो अर्धाच ऐकून निघणार. ज्या बँडचं एकही गाणं माहीत नाही त्याच्यावर इतके पैसे कोण लावेल?

या शहराची सवय वेगळी आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून सगळ्यांना मोकळी. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून, प्रवेशाला पैसे नाहीत. चर्चगेट स्टेशनच्या भिंतीवरचा गांधी लाखो लोकांनी फुकट पाहिला. प्रेक्षक तयार झाला तो असा. संगीतालाच कुंपण कशाला? दार मोकळं ठेवा, मध्यंतरात यूपीआयचा क्यूआर फिरवा.

लिनोकट

जहांगीर तुम्हाला मोकळी आहे, चित्रकाराला नाही. तिथलं दालन आठवड्याच्या भाड्याने मिळतं, मंगळवार ते सोमवार, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा सगळं चित्रकाराच्या खिशातून. एकही चित्र विकलं नाही तर तुमच्या फुकट दुपारचं बिल त्याने भरलं.

फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांत उलट गणित असतं. चेमोल्ड प्रिस्कॉट रोड, प्रोजेक्ट ८८, चॅटर्जी अँड लाल अशा ठिकाणी चित्रकाराकडून भाडं घेत नाहीत. या व्यवसायात विक्रीच्या साधारण निम्मे गॅलरीचे, हा रिवाज. तिथेही प्रवेश फुकट, कारण शंभर बघणाऱ्यांचा खर्च एक घेणारा भरून काढतो. गाण्यात तो एक घेणारा नसतोच. संध्याकाळ संपली की विकायला काही उरत नाही. त्यामुळे गॅलरीचा दाखला गिगला लावू नका.

डीआयबॉक्स

तिसरीघंटा, तुमचा हिशेब ९० तिकिटांवर उभा आहे. तो २५ वर करून बघा. १२,४७५ जमा, ॲपचे कापून ११,२२८ आणि साउंडचा खर्च १२,०००. बँड स्वतःच्या खिशातून देणार. नव्या बँडला मानधनच बरं, कारण पडलेल्या रात्रीचा फटका मालक सोसतो. रिडीमेबल कव्हरवर सरसकट बहिष्कार घालाल तर आधी मरतील ती हीच नवी पोरं.

मधला मार्ग या धंद्यात आहेच: "मानधन किंवा तिकिटातला वाटा, जे जास्त असेल ते". फक्त तो व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्यावा, आणि वाटा खर्च वजा करून की आधी, हे त्यात स्पष्ट असावं. भांडणं बहुतेक याच ओळीवरून होतात. साउंडचा खर्च कुणाचा, पाहुण्यांच्या यादीत किती जण, याही दोन ओळी हव्यात. यादीत ३० नावं घुसली की वाटा कागदावरच राहतो.

तिसरीघंटा

"जे जास्त ते" मला चालेल, पण त्यासाठी तिकीट लागतंच ना? कव्हर रिडीमेबल असेल तर वाटा कशातला मोजणार?

आणि आवाजाचंही बोलू. रिडीमेबल रात्री टेबलं मांडलेली असतात, लोक ऑर्डर देत असतात, बारचा मिक्सर नेमका हळू गाण्यात फिरतो. मालक म्हणतो आवाज कमी करा, गप्पा मारता येत नाहीत. तिकिटाच्या रात्री खुर्च्या हलतात आणि लोक समोर बघतात.

डीआयबॉक्स

तो दोष कव्हरचा नाही, खोलीचा. ठेंगणं छत, एका बाजूला काच, कोपऱ्यात ड्रम. अशा खोलीत आवाजाची पातळी ड्रमर ठरवतो, इंजिनिअर नाही. ड्रमला माइक न लावताही तो शंभर डेसिबलच्या आसपास जातो, मग गळा त्याच्या वर आणायला माइक चढवावा लागतो आणि तो शिट्टी मारतो. उपाय साधे. काठ्यांऐवजी रॉड्स (बारीक काड्यांची जुडी) किंवा ब्रश घ्या. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकचा मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, बरोबर माइकच्या पाठीमागच्या रेषेत ठेवा, सुपरकार्डिऑइड असेल तर थोडा बाजूला, कारण त्याला नेमकं मागून थोडं ऐकू येतं. गिटार ॲम्प जमिनीवरून उचलून वादकाच्या कानाकडे तिरपा करा, म्हणजे तो स्वतःच आवाज कमी करतो.

ऐकणाऱ्यांसाठी: साउंड मिक्सरच्या टेबलापुढे दोन-तीन पावलांवर उभं राहा. इंजिनिअर ऐकून जे ठरवतोय ते तिथेच ऐकू येतं. कोपरे आणि भिंतीला टेकणं टाळा, तिथे बेस फुगतो. इअरप्लग न्या. ८५ डेसिबलला ८ तास ठीक मानतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. फोमचे प्लग वरचे सूर खातात आणि गाणं गढूळ करतात, फिल्टरवाले संगीतासाठीचे घ्या.

विरारफास्ट

सगळे बारमध्येच अडकलात. गिग बारमध्ये गेल्या कशा, हेही बघा. धोबी तलावचं रंगभवन मोकळ्या आकाशाखालचं होतं. १९७८ पासूनची जॅझ यात्रा तिथली, इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सवही तिथेच वाढला. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या १०० मीटरच्या नियमात ते अडकलं आणि बंद झालं. नियम चूक आहे असं मी म्हणत नाही, कामा हॉस्पिटलच्या पेशंटला झोप हवीच. पण त्यानंतर स्वस्त आणि मोठी जागा उरली नाही. मथुरादास मिलमधलं ब्लू फ्रॉग २००७ ला संगीतासाठीच म्हणून उभं राहिलं, २०१६ ला तेही गेलं. जागेचं भाडं दारूतून सुटतं तोवर तुमचं ४९९ वरवरचं आहे.

माझी मागणी साधी. कार्यक्रम सातला सुरू करा, साडेनऊला संपवा. उघड्यावर लाउडस्पीकरला दहाची मर्यादा आहेच. लोकल मिळेल, आणि मग कदाचित तिकीटही काढू.

तिसरीघंटा

सातला ऑफिस सुटलेलं नसतं. अंधेरीहून लोअर परळला येईपर्यंत आठ. साडेआठला पहिलं गाणं, यावर तडजोड होईल.

लिनोकट

क्यूआर फिरवण्याबद्दल. ते चालतं, पण हातात काही वस्तू असेल तर जास्त चालतं. बँडकॅम्पवर (बँड स्वतःचं संगीत विकतात ती वेबसाइट) विकावं तर ते डिजिटलवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतात, तो दर वाईट नाही. अडचण पेपालची, कारण बँडकॅम्पचे पैसे त्यातून येतात. त्याने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले, त्यामुळे मुंबईतल्या श्रोत्याने मुंबईतल्याच बँडला तिथे पैसे द्यायला गेलं की व्यवहार अडकतो. दाराशी टेबल आणि यूपीआय हाच रस्ता. आणि तिथेच चित्रकार आणि बँड एकत्र येऊ शकतात: अल्बमच्या चित्राचा हाताने छापलेला स्क्रीनप्रिंट, ५० प्रती, आत डाउनलोडचा कोड. दोघांत वाटणी आधी ठरलेली.

घेणाऱ्याने तपासायचं ते असं. खाली पेन्सिलने १२/५० (पन्नासातली बारावी प्रत) असा क्रमांक आणि सही हवी. एचिंग (धातूच्या प्लेटवरून छापलेलं चित्र) असेल तर प्लेटच्या कडेचा दाब कागदात बोटाला लागतो. दहापट भिंगाखाली सगळीकडे बारीक ठिपके दिसले तर ती बहुधा यंत्रावरची छपाई, ऑफसेट किंवा डिजिटल. तीही घ्यावी, पण तिच्या किमतीला. कागद ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, शुद्ध कापसाचा असेल तर पिवळा पडत नाही.

मग मुंबईतला खरा शत्रू, दमट हवा. कोपऱ्यावरचा फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड लावतो आणि चित्र काचेला चिकटवून बसवतो. दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके आणि बुरशी. आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) मागा, म्हणजे कागद आणि काच यांच्यात दोन मिलिमीटर तरी हवा राहील. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या लावा, भिंतीची ओल थेट लागणार नाही. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा. चित्राला सेलोटेप लावू देऊ नका, काहीही झालं तरी.

डीआयबॉक्स

टेबलाची कल्पना चांगली. मात्र ते स्टेजशेजारी नको, बाहेर पडायच्या दाराशी हवं, आणि बँडमधला एक जण शेवटचं गाणं संपल्यावर केबल गुंडाळायच्या आधी तिथे उभा हवा. लोक पहिल्या दहा मिनिटांत घेतात, नंतर लोकल आठवते.

कव्हरबद्दल माझं मत तेच. बहिष्कार नको. बुकिंग करताना एवढंच विचारा की यातले बँडला किती. मालक उत्तर टाळत असेल तर पुढचं तुम्हीच ठरवा.

विरारफास्ट

विचारून उत्तर मिळालं तर इथे टाका. मी तोवर सातच्या वेळेवर अडून आहे.