नागपूरच्या रंगवलेल्या भिंती: तुमचे अनुभव लिहा

दिल्लीच्या लोधी कॉलनीचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने तिथल्या सरकारी क्वार्टर्सच्या भिंती देशोदेशीच्या चित्रकारांकडून रंगवून घेतल्या. २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवरही त्यांनी मोठा प्रकल्प केला. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, चित्रकार हर्षवर्धन कदम यांनी पुण्याच्या कसबा पेठेत जुन्या भिंतींवर काम सुरू केलं होतं. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये सी-२० ची, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक झाली, तेव्हा कितीतरी भिंती रंगल्या.

आता आमच्या महाल या जुन्या वस्तीत भिंतचित्रांचा एक लहानसा महोत्सव करावा असं आम्हा काही जणांच्या मनात आहे. बैठकीत परांची, रंगाचे डबे, परवानग्या सगळ्यांवर बोलणं होतं. ज्याच्या दारासमोर ते चित्र वर्षानुवर्षं राहणार, त्या माणसाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. माझं लहानपण चितारओळीच्या मागच्या गल्लीत गेलं. शाळेतून येताना चितारी काकांच्या ओट्यापाशी थांबायचं आणि मूर्तीचे डोळे आखून होईपर्यंत हलायचं नाही, हा नेम होता. काम चालू असताना पाहायला मिळणं यात केवढं सुख असतं, ते मला तिथे कळलं. म्हणून हा धागा काढते आहे. भिंत रंगवली असेल, रंगवू दिली असेल, रंगवल्याचा त्रास झाला असेल, तर मोकळेपणाने लिहा. संस्थांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

चित्रकलेची माजी विद्यार्थिनी, प्रतापनगर

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. आम्हा बारा जणांना एक लांब कंपाउंड वॉल मिळाली, तीही 'चार दिवसांत चित्र पाहिजे' या बोलीवर. भिंतीला लोणा लागलेला होता, हात फिरवला की पांढरी भुकटी यायची. आम्ही सांगितलं की आधी खरवडून, धुऊन, वाळू देऊन मग प्रायमर मारायला हवा. वेळ नाही, असं उत्तर आलं. शेवटी झाडूने झटकून त्यावरच रंग चढवला. मार्चचं ऊन होतं. भिंत एवढी तापायची की रंग धरायच्या आधीच सुकायचा आणि ब्रशचे केस ताठ व्हायचे. आम्ही पहाटे साडेपाचला यायचो, दहाला थांबायचो, पुन्हा चारनंतर.

पहिल्याच पावसाळ्यात खालचा भाग पोपड्यांसकट गळून पडला. आत आलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि वरचा रंग ढकलून देते. हे आम्हाला वर्गात शिकवलेलं होतं, तरी आम्ही त्या चार दिवसांना होकार दिला. आजही त्या रस्त्याने जाताना मी दुसरीकडे बघते.

एक गोष्ट मात्र तिथेच शिकले. मोठ्या भिंतीवर चौकटी आखत बसायला वेळ नव्हता. एका सीनियरने आधी भिंतभर वाटेल तशा खुणा केल्या: क, गोल, फुली, बाण. त्याचा फोटो काढला आणि फोनमध्ये त्या फोटोवर आमचं चित्र ठेवलं. मग 'बगळ्याची चोच तिरक्या क च्या डाव्या अंगाला' असं बघत बघत दीड तासात सगळी बाह्यरेषा उतरली. तुमच्या महोत्सवात मुलं असतील तर हे नक्की शिकवा.

दुकानदार, सदर

माझ्या दुकानाशेजारच्या भिंतीवर लोक खर्रा थुंकायचे. पोरांनी झाडं-पक्षी काढले तेव्हा वाटलं, आता थांबतील. वरची भिंत खरोखर स्वच्छ राहिली, खालचे दोन फूट राहिले नाहीत. दिवाळीला मीच त्या पट्ट्याला गेरूचा रंग मारला, आता दर सहा महिन्यांनी मारतो. खालचे दोन फूट सुरुवातीपासूनच गडद आणि एकरंगी ठेवा, म्हणजे डब्यातला रंग घेऊन कुणीही दुरुस्त करू शकेल.

इतवारीतल्या बोर्ड पेंटरची मुलगी

बाबा सांगताहेत, मी टाइप करते आहे. त्यांचं बोलणं आहे तसंच ठेवते.

'मी चाळीस वर्षं बोर्ड लिवले. दुकानाच्या पाट्या, शटर, ट्रकच्या मागचं, निवडणुकीच्या भिंती. भिंत मिळाली की पहिले तिले हात लावून पाहा लागते. थंडगार लागली म्हणजे आत पाणी आहे, तिले सोडून द्या. मग सुतळी गेरूत बुडवायची, दोघानं दोन टोकं धरून ताणायची, मधात चिमटीनं ओढून सोडायची. टण्णकन सरळ रेघ उठते. तेच चित्र धा ठिकाणी काढाचं असन तर खाका करा. कागदावर चित्र काढून रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कोळशाची भुकटी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वरून झाडायची. कागद उचलला की चित्र भिंतीवर.

'आता मुद्द्याचं सांगतो. आपल्या गल्ल्या आहेत सहा-आठ फुटाच्या. तिथं समोर उभं राहून चित्र कोणी पाहत नाही, जागाच नाही. माणूस चालता चालता तिरपा पाहते, गाडीवरून जाते. म्हणून अक्षर आडवं ताणून लिवा लागते आणि वरची ओळ खालच्यापेक्षा मोठी, नाही तर खालून पाहणाऱ्याले वरची बारकी दिसते. हे पोट्टे कागदावर चित्र करते अन् तसंच्या तसं भिंतीवर मोठं करते. कागद टेबलावर असते जी, भिंत गल्लीत असते.

'फ्लेक्स आल्यावर काम गेलं. राग नाही, पण एका तासात बोर्ड निघून येते त्याच्याशी हातानं कोण लढन? मी ब्रश धुऊन ठेवले. रॉकेलचा डबा अजून तसाच आहे.'

बाबांनी हे सांगताना दोनदा हात हवेत फिरवून अक्षर काढून दाखवलं. त्यांच्या हातात ब्रश मी गेली कित्येक वर्षं पाहिलेला नाही. तुमच्या महोत्सवात अशा जुन्या पेंटरांना बोलवणार असाल तर सत्काराच्या शालीसाठी बोलवू नका, कामाला बोलवा आणि कामाची मजुरी द्या.

गृहिणी, नंदनवन

आमच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर कोळशाने तीन स्टंप काढलेले होते. माझ्या दिराने काढले, मग माझ्या मुलाने गिरवले, आता गल्लीतली पोरं गिरवतात. एका सकाळी काही मुलं-मुली रंग घेऊन आली. कुणाला विचारलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत तिथे फुलपाखराचे मोठे पंख. चित्र सुंदर होतं, मीही फोटो काढला. पण पोरं दोन दिवस गप्प बसून होती. तिसऱ्या दिवशी पंखांच्या मधोमध कोळशाचे तीन स्टंप आले.

कुणीतरी 'चित्र खराब केलं' म्हणून ओरडायला आलं, तेव्हा मी भांडले. माझं एवढंच म्हणणं आहे की आधी दार वाजवलं असतं, तर त्या मुलांनी स्टंपांसकट चित्र काढलं असतं. मी चहाही दिला असता.

नोकरदार, इंदोरा

भिंतचित्रं शहरात नव्याने आली असं वाटत असेल तर आमच्या वस्तीत या. १४ एप्रिलच्या आधी आणि पुन्हा अशोक विजयादशमीच्या आधी आमची भिंत दरवर्षी रंगते. निळी पार्श्वभूमी, बाबासाहेब, तथागत, कधी अशोकचक्र. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा माझ्या आजोबांनी घेतली. दीक्षाभूमीचा घुमट आमच्या भिंतीवर पहिल्यांदा त्यांच्याच पिढीतल्या एकाने काढला. आता वर्गणी वस्तीतून जमते, रंग वस्तीतलीच पोरं लावतात, आणि चेहरा मात्र ज्याचा हात बसलेला आहे तोच काढतो. चष्म्याची काडी किंचित वाकडी झाली तरी म्हाताऱ्या बाया सांगतात, 'हे बाबासाहेब नाही वाटत, पुन्हा कर.' तो पुसतो आणि पुन्हा करतो.

गेल्या काही वर्षांत एवढ्या नेमाने सांभाळलेली दुसरी भिंत मी शहरात पाहिली नाही. आमच्या भिंतीला कधी परांची लागली नाही, शिडी पुरते. महोत्सववाल्यांनी आमच्या पोरांना मदतनीस म्हणून बोलवू नये. त्यांना एक भिंत द्यावी.

शिक्षक, मूळ गाव रामटेक तालुक्यात

मी गोंड आहे, म्हणून एका गोष्टीबद्दल बोलतो. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, त्यामुळे नागपुरात 'गोंडी डिझाइन' काढायची हौस सगळ्यांना असते. होऊ दे, आनंदच आहे. पण फोनवर सापडलेलं हरीण जसंच्या तसं उतरवून खाली 'गोंड आर्ट' लिहिलं की माझ्या पोटात कालवतं. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांना १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात जागा मिळाली आणि तिथून ही चित्रकला जगात गेली. त्यांच्यामागे आलेल्या चित्रकारांत प्रत्येकाची ठिपक्यांची, रेघांची ठेवण वेगळी आहे. ती त्या माणसाची सही असते. दुसऱ्याचे ठिपके उचलणं म्हणजे दुसऱ्याची सही करणं. त्या घराण्यातल्या चित्रकाराला बोलवा, त्याला मानधन द्या आणि त्याचं नाव भिंतीवर लिहा. आपल्या मुलांना काढायचंच असेल तर त्यांनी आपल्या अंगणातलं काढावं.

निवृत्त बँक कर्मचारी, लक्ष्मीनगर

मुलाकडे दिल्लीला गेलो तेव्हा लोधी कॉलनी पायी फिरलो. तिथे भिंती उंच, रस्ते रुंद, झाडं भरपूर, म्हणून चित्र लांबून पूर्ण दिसतं. आपल्या महालात तसं होणार नाही, इतवारीच्या पेंटरांचं म्हणणं अगदी खरं आहे. एक बारीक निरीक्षण: दक्षिण आणि पश्चिमेकडच्या भिंतींवरचे लाल आणि गुलाबी रंग सगळ्यात आधी उडालेले होते, मातकट रंग टिकून होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा भिंत निवडताना दिशा बघा.

धागा काढणारी

काल रात्री हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं. आधी काढलेली नऊ भिंतींची यादी बाजूला ठेवली. या आठवड्यात आम्ही दोघी-दोघी मिळून घरोघरी जातोय. नंदनवनच्या ताई, दार वाजवूनच. चार दिवसांची बोली कुणाकडूनही घेणार नाही. भिंती पावसाळ्यानंतर पूर्ण वाळल्या की हात लावून बघू आणि मग तारीख ठरवू. इंदोऱ्याच्या दादांना वेगळा निरोप पाठवला आहे, भिंत कुठली ते तुमच्या पोरांनी सांगायचं.

इतवारीतल्या बोर्ड पेंटरची मुलगी

बाबा विचारताहेत, भिंत बघायला कधी जायचं. रविवारी सकाळी सहाला चालेल का, ऊन यायच्या आधी? सुतळी ते घेऊन येतील. गेरू तुम्ही आणा.