मळणी यंत्राच्या शाफ्टसाठी बुश नायलॉनचे की गनमेटलचे?

प्रश्न (खानापूर):
भात मळणीचे लहान यंत्र मी घरीच तयार केले आहे. शाफ्ट २५ मिमीचा, साध्या ब्राइट बारचा (कठीण न केलेल्या गुळगुळीत पोलादी सळईचा) आहे; तो मिनिटाला सुमारे ४०० फेरे फिरतो आणि पट्ट्याच्या ताणासह प्रत्येक बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या आधाराच्या नळीवर) अंदाजे ४० किलोचा भार येतो. एप्रिलमध्ये ३० मिमी लांबीचे नायलॉनचे बुश लेथवर अगदी नेमक्या मापाचे करून घेतले होते. जुलैत शाफ्ट हाताने फिरेना. नायलॉनच थोडे सैल करावे, की धातूकडे वळावे?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव):
शाफ्ट वाकलेला नसेल, तर कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत आहे. नायलॉन ओलावा शोषून फुगते, आणि बाहेरून हाउसिंगने (बुश ज्यात घट्ट बसवतात त्या घराने) आवळलेले असल्यामुळे त्याचे भोकच लहान होते. डेलरिन हे दुसरे प्लॅस्टिक पाणी फार कमी शोषते, तरीही या शाफ्टला मी तेसुद्धा सुचवणार नाही. ४० किलो भार २५ गुणिले ३० मिमीवर पसरला, तर दाब प्रति चौरस मिमी साधारण अर्धा न्यूटन होतो. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे. दोहोंचा गुणाकार ०.२५ च्या पुढे जातो, आणि तेलाविना चालणारे साधे नायलॉन किंवा डेलरिन ०.१ च्या आसपासच थकते, कारण घर्षणाची उष्णता प्लॅस्टिकमधून बाहेर पडत नाही. गनमेटल (तांबे, कथील आणि जस्ताचा मिश्रधातू) घ्या, २५ मिमीला ०.०३ ते ०.०५ मिमी सैलपणा ठेवा आणि तेलाचे छिद्र भार नसलेल्या बाजूला पाडा. फॉस्फर ब्राँझ अधिक टिकाऊ असले तरी त्याला कठीण केलेला शाफ्ट लागतो. आपला मऊ शाफ्टच आधी झिजेल.

उत्तर (निपाणी):
मुख्य शाफ्टबाबत वरील मत मला पूर्ण मान्य आहे. मात्र पायट्याचे सांधे आणि झडपांच्या खिळी, जिथे हालचाल संथ असते आणि भुसा सतत उडतो, तिथे डेलरिन कोरडेच वापरावे. तेल लावले की त्यात धूळ मिसळून घासणारा लगदा तयार होतो. सैलपणा मात्र गनमेटलच्या तिप्पट तरी ठेवा.

प्रश्नकर्ता (खानापूर):
दोघांचेही मनापासून आभार. तेल मुरवलेले सच्छिद्र ब्राँझचे तयार बुश घेतले, तर त्यांचे भोक लेथवर वाढवता येईल का?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव):
शक्यतो नको. बोथट हत्याराने पृष्ठभागावरची छिद्रे बुजतात आणि आतले तेल शाफ्टपर्यंत पोहोचत नाही. शाफ्टच्या मापाचेच बुश घ्या व गुळगुळीत मँड्रेलवर (भोकाच्या मापाच्या दांड्यावर) चढवून हाउसिंगमध्ये दाबा, म्हणजे भोक आवळले जाणार नाही.