क्रॅनबेरी सॉस पातळच राहिलाय, उद्या दुपारी जेवण आहे. मदत हवी!

रानजाई (बुधवार, संध्याकाळ)
उद्या थँक्सगिव्हिंगचं जेवण नवऱ्याच्या मित्राकडे आहे आणि सॉस माझ्या वाट्याला आलाय. संत्र्याचं लिकर (गोड दारू) घालून केला. सकाळपासून फ्रिजमध्ये आहे, तरी वरणासारखा पातळ, आणि खाल्ल्यावर जिभेवर कडवट रेंगाळतं. क्रॅनबेरीच्या पिशवीवर दिलंय तसंच केलं होतं. कॉर्नफ्लोअर लावू का? लवकर सांगा, उद्या बहुतेक दुकानं बंद असतात.

विस्कॉन्सिनकर
कॉर्नफ्लोअर नको. पाणी किती, लिकर किती आणि कधी घातलंत? बेऱ्या फुटल्या का? 12 औंसांच्या पिशवीला एक कप साखर, एक कप पाणी आणि साधारण दहा मिनिटं उकळी पुरते. क्रॅनबेरीत पेक्टिन (फळांतला घट्टपणा आणणारा घटक) भरपूर असतं, गार झाल्यावर सॉस आपोआप आळतो.

माळरान
सॉस कशाला? लोणचं घाला. मोहरीची डाळ, मेथी, हिंग आणि भरपूर तेल. आम्ही दर नोव्हेंबरात घालतो, कैरीची आठवण येत नाही.

रानजाई
लोणचं नकोय हो, अमेरिकन यजमान आहेत. दोन पिशव्या, दोन कप पाणी, एका संत्र्याची साल, अर्धा कप क्वांत्रो, म्हणजे तेच लिकर. सगळं पहिल्यापासून एकत्र उकळलं. बेऱ्या फुटल्या.

गोपाळकाला
आधी साखरेचा एकतारी पाक करून त्यात बेऱ्या सोडायच्या. आमच्या आजीचा मोरावळा असाच व्हायचा, कधी बिघडला नाही.

विस्कॉन्सिनकर
मोरावळ्यात आवळा अख्खा राहायला हवा, इथे बेरी फुटायलाच हवी. फुटल्यावरच पेक्टिन पाण्यात उतरतं. तारेचा इथे संबंध नाही. रानजाई, साखर दोन कप घातलीत ना?

गोपाळकाला
संबंध कसा नाही? पाक कच्चा राहिला की मोरावळाही पातळच होतो.

रानजाई
साखर एकच कप. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांना मधुमेह आहे. हे लिहायचं राहिलं.

विस्कॉन्सिनकर
मग कारण तेच. पेक्टिनला धरायला आंबटपणा आणि साखर दोन्ही लागतात. तुमची साखर निम्मी, वर अर्धा कप लिकर म्हणजे जादा द्रव. गोपाळकाला, साखरेपुरतं तुमचं बरोबर होतं. आणि साल पांढऱ्या भागासकट घातलीत का? कडवटपणा तिथून येतो. वरची केशरी साल तेवढी किसून घ्यायची.

दिवेलागण
जेवायला लहान मुलं आहेत का? कुणीच विचारलं नाही.

माळरान
उकळल्यावर दारू उडून जाते, काळजी नको.

दिवेलागण
सगळी उडत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात 15 मिनिटं शिजवल्यावरही सुमारे 40% उरते. उकळत्या पदार्थात घालून लगेच उतरवलं तर 85%. मुलांच्या वाटीत हे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रानजाई
दोन मुलं आहेत, सहा आणि नऊ वर्षांची. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फ्रीझरमध्ये तिसरी पिशवी आहे, ती चालेल?

विस्कॉन्सिनकर
उत्तम. गोठलेल्याच टाका, वितळवायची गरज नाही. त्या पिशवीचा साधा सॉस मुलांसाठी करा. त्यातल्या मूठभर बेऱ्या पहिल्या सॉससाठी बाजूला काढा. पहिल्यातल्या साली काढून टाका, त्या बेऱ्या आणि राहिलेली एक कप साखर घालून मंद आचेवर आटवा. वासासाठी लिकर हवंच असेल तर उतरवल्यावर दोन चमचे. सासूबाईंसाठी वाटीभर कमी साखरेचा वेगळा करा, तो पातळ राहील, राहू दे.

गोपाळकाला
आणि सासूबाई रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन घेत असतील तर क्रॅनबेरीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

रानजाई (रात्री पावणेअकरा)
त्या वॉरफरिन घेत नाहीत. पाऊण तास लागला, पण जमलं! थंड बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढली, ती तशीच राहिली. कडवटपणा किंचित आहे, पण चालेल. मुलांच्या भांड्यावर चिठ्ठी लावली. विस्कॉन्सिनकर, दिवेलागण, खूप आभार.

शेवंती
माळरान, त्या लोणच्याला बेऱ्या चिरायच्या की अख्ख्या? आणि पुण्यात ताज्या क्रॅनबेरी कुठे मिळतील?