पर्याय दिसण्याआधीचे उत्तर

'घरी बसून उत्तरे देणे सोपे असते, त्यात ज्ञानाची कसोटी कुठली?' असे टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेबद्दल काही जण म्हणतात, पण हे मत मला पूर्णपणे पटत नाही. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: प्रश्न वाचून होताच, चारही पर्याय पडद्यावर येण्याआधी, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर उत्तर लिहायचे आणि मग खाडाखोड करायची नाही. पर्याय समोर असले की बरोबर उत्तर नुसते ओळखावे लागते. ते नसले की आठवावे लागते, आणि खरा कस तिथेच लागतो. जनकाच्या धाकट्या भावाचे नाव विचारले गेले, तेव्हा आम्ही सगळे अडलो होतो. आजीने मात्र थरथरत्या हाताने 'कुशध्वज' लिहून वही पालथी घातली होती.

एक मात्र मान्य केले पाहिजे, की 'इथे थांबावे की पुढे खेळावे' हा निर्णय घरी कधीच खऱ्या अर्थाने घेता येत नाही. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे एक कोटीच्या प्रश्नावर पोहोचल्या, तेव्हा आमच्यापैकी कुणीही वहीला हात लावला नाही.