मदत हवी आहे: एनटी-प्रोबीएनपी हिरवं, साखर-चरबी लाल. हृदय ठीक समजायचं का?

नमस्कार मंडळी,

वय ४६, पुरुष, बैठं काम. ऑफिसतर्फे दरवर्षी होणारी तपासणी यंदा जरा मोठी होती, हृदयाच्या नावाने दोन-तीन जास्तीच्या चाचण्या घातल्या होत्या. रिपोर्ट हातात आल्यापासून डोकं चक्रावलंय. 'हृदय' असं शीर्षक असलेलं पान जवळपास सगळं हिरवं आणि 'मधुमेह व चयापचय' या पानावर लालच लाल.

आकडे देतो (एकक लिहिलं नाही तिथे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर):

एकूण कोलेस्टेरॉल १७९, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) ९८, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ टक्के. एचएस-सीआरपी (शरीरातल्या दाहाचं माप) ४.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) मर्यादेत. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) ३८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. रक्तदाब १३८/८८, कंबर १०८ सेंमी, बीएमआय ३३. गोळ्या कुठल्याच चालू नाहीत.

एनटी-प्रोबीएनपीसमोर '१२५ पेक्षा कमी' अशी मर्यादा छापलीय, म्हणजे मी काठावरसुद्धा नाही. तपासणी केंद्रातल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला: "हार्ट उत्तम आहे, शुगर सांभाळा, वजन उतरवा." वजनाचं मान्यच आहे. पण मग जिना चढताना धाप का लागते? पूर्वी बोलत बोलत वर जायचो. आता दुसऱ्या मजल्यावर असताना फोन वाजला तर उचलत नाही, श्वास जागेवर आला की परत लावतो. छातीत दुखत नाही, पायांवर सूज नाही.

माझा प्रश्न असा की हृदयाचे आकडे आणि साखर-चरबीचे आकडे ही खरंच दोन वेगळी खाती आहेत का? एक पान चांगलं म्हणून दुसऱ्याची काळजी 'नंतर बघू' म्हणून ढकलता येते का? आणि हे एनटी-प्रोबीएनपी ३८ म्हणजे नक्की किती निर्धास्त व्हायचं? घरच्यांनी 'हार्ट उत्तम' एवढंच ऐकलंय आणि विषय संपवलाय.

- काठावरचा

बिनसाखरेचा:
रिपोर्ट राहू द्या बाजूला, नव्याने धाप लागायला लागली हेच तुमचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, रंग बघत बसू नका. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

काचपट्टी:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे चरबीच्या पानाबद्दल बोलते.

एलडीएलच्या ओळीत बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय का बघा. बहुधा असणार, कारण हिशोब तंतोतंत जुळतोय: १७९ मधून एचडीएलचे ३४ वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे ४७ वजा, उरले ९८. हे १९७२ चं फ्रीडवाल्ड सूत्र. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते वापरतच नाहीत, आणि त्याआधीही ते जसजसं वाढतं तसतसं उत्तर ढिलं पडत जातं. म्हणजे तुमचा हिरवा ९८ मोजलेला नाही, वजाबाकीत उरलेला आहे.

त्यापेक्षा सरळ वजाबाकी करा: एकूण १७९ वजा एचडीएल ३४, म्हणजे नॉन-एचडीएल १४५. धमनीत रुतू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल यात येतं. एलडीएलसाठी १०० ची मर्यादा धरली तर नॉन-एचडीएलला १३० धरतात. म्हणजे त्याच रक्तातला हा आकडा लाल! पण बऱ्याच रिपोर्टांत त्याला रंगच नसतो, कुठेतरी तळाशी पडलेला असतो.

शक्य असेल तर अपोबी (या कणांवरच्या प्रथिनाची चाचणी) करून घ्या. एलडीएल, व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण) अशा प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून अपोबी मोजलं की कण मोजले जातात. एलडीएल कोलेस्टेरॉल म्हणजे ट्रकांतला एकूण माल, अपोबी म्हणजे ट्रकांची संख्या. तुमच्यासारख्या रिपोर्टात ट्रक लहान आणि संख्येने जास्त असण्याची शक्यता असते, आणि धमनीच्या भिंतीत घुसायचं तर संख्या महत्त्वाची.

आता 'दोन खाती' या प्रश्नाकडे. इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा झाल्या की चरबीच्या साठ्यातून फॅटी अ‍ॅसिड सुटत राहतात. ती यकृतात पोचतात, यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलच्या कणांत भरतं आणि रक्तात सोडतं. तिथे सीईटीपी नावाचं प्रथिन अदलाबदल करतं, ट्रायग्लिसराइड एचडीएल आणि एलडीएलच्या कणांत जातं, बदल्यात कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलमध्ये येतं. असे एचडीएल कण लवकर निकालात निघतात, म्हणून तुमचे ३४. एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात. म्हणजे साखर ११२, ट्रायग्लिसराइड २३६ आणि एचडीएल ३४ हे सगळं एकाच बिघाडातून येऊ शकतं. पानं छापणाऱ्याने वेगळी केलीत.

इकोवाली:
मी मेडिसिनची डॉक्टर. इथे निदान करणार नाही, पण एनटी-प्रोबीएनपीबद्दल लिहायलाच हवं, कारण हा गैरसमज ओपीडीतही रोज भेटतो.

हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला, भिंत ताणली गेली की तिथल्या पेशी प्रोबीएनपी हे पेप्टाइड (छोटं प्रथिन) बनवतात; त्याचे दोन तुकडे होतात, काम करणारं बीएनपी आणि उरलेलं निष्क्रिय एनटी-प्रोबीएनपी, जे तुमच्या रिपोर्टात मोजलंय. बीएनपीचं काम मूत्रावाटे मीठ-पाणी बाहेर टाकायला लावणं आणि रक्तवाहिन्या सैल करणं. (बीएनपीमधला बी 'ब्रेन'चा, कारण १९८८ मध्ये ते पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं. मुख्य कारखाना हृदयाचा डावा खालचा कप्पा आहे हे नंतर कळलं.) हृदय थकलं की आकडा चढतो, हे तुम्ही वाचलंच असेल. पण लठ्ठपणात तो मुळातच खाली असतो. चरबीच्या पेशींवर बीएनपी गिळून टाकणारे ग्राहक (रिसेप्टर) जास्त असतात हे एक कारण. एनटी-प्रोबीएनपी मात्र त्या वाटेने जात नाही, तरी तेही कमीच सापडतं, म्हणजे निर्मितीही कमी होत असणार. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही असंच चित्र दिसतं.

गंमत म्हणजे बीएनपी चरबीच्या पेशींना साठा मोकळा करायला सांगतं. लोकसंख्येच्या अभ्यासांतून ज्यांच्यात ही पेप्टाइडं थोडी जास्त, त्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका कमी असं दिसलंय. म्हणून बीएमआय ३३ आणि साखर काठावर असताना ३८ हा आकडा शाबासकी नाही. कदाचित तुमच्या चयापचयाचंच ते एक लक्षण असेल.

आणखी एक. हृदयाचं आकुंचन ठीक पण शिथिलन बिघडलेलं, असा हार्ट फेल्युअरचा एक प्रकार आहे. लठ्ठ माणसांत तो असूनही एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या आत राहू शकतं. तुम्हाला तोच आहे असं मी म्हणत नाही. धापेमागे रक्त कमी असणं, फुप्फुसं, थायरॉइड किंवा निव्वळ व्यायाम सुटणं, काहीही असू शकतं. पण लक्षण असताना एका पेप्टाइडवरून हृदयाला क्लीन चिट देऊ नये. इको करताना डावा वरचा कप्पा मोठा झालाय का आणि शिथिलन कसं आहे हे मुद्दाम लिहून मागा. नुसता 'इजेक्शन फ्रॅक्शन ६०' (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) हा शेरा पुरेसा नाही. छातीत दाब जाणवला, झोपल्यावर दम लागला, चक्कर आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीने दवाखाना गाठा.

मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (चयापचयाचे एकत्र येणारे बिघाड) पाच कसोट्यांपैकी (कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब, साखर) तीन पुरतात. तुम्ही पाचही पूर्ण करताय. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय यांना एकाच नावाखाली आणलं ते याचसाठी. म्हणून मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिनही तपासा.

बिनसाखरेचा:
एक शंका. यांना आता स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करतील, आणि स्टॅटिनने साखर वाढते म्हणतात. मग आगीतून फुफाट्यात नाही का?

इकोवाली:
साखर थोडी वाढते हे खरं. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या आत पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त अशी १७,८०२ माणसं होती. रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या गटात मधुमेहाची नोंद २७० जणांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या दुसऱ्या गटात २१६. त्याच चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. ज्यांना मधुमेह झाला त्यांतले बरेच आधीच उंबरठ्यावर होते. त्यामुळे गोळी टाळायची नाही, साखरेवर नजर ठेवायची. अर्थात गोळी लागणार की नाही हे एकूण धोका बघून तुमचे डॉक्टर ठरवतील.

काचपट्टी:
सीआरपीवरून आठवलं, रक्त दिलं तेव्हा सर्दी-खोकला, दातदुखी, असं काही होतं का?

काठावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं तर तपासणी केंद्रात कुणी सांगितलं नव्हतं.

'कॅल्क्युलेटेड' लिहिलंय! चष्मा लावून पाहिलं. नॉन-एचडीएलसुद्धा आहे, शेवटच्या ओळीत, १४५, बिनरंगाचा.

काचपट्टीताई, हो, तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ताप-सर्दी होती.

काचपट्टी:
मग ४.२ तूर्त विसरा. तापात सीआरपी वाढतंच. पूर्ण बरं वाटल्यावर किमान दोन आठवडे जाऊ द्या आणि पुन्हा करा, अपोबी त्याच रक्तात होऊन जाईल. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच धमनीत रुतणारा एक कण) आयुष्यात एकदा मोजलेलं बरं, तेही त्यातच उरकून घ्या. ते बहुतेक आनुवंशिक असतं, वजन उतरवून फारसं हलत नाही.

काठावरचा:
ठीक. इकोची वेळ गुरुवारची मिळालीय, रक्त त्यानंतर देतो. शिथिलनाचं चिठ्ठीवर लिहून नेतो. रिपोर्ट आले की याच धाग्यावर टाकेन.