एजंटसाठी टूलचं वेगळं डॉक्युमेंटेशन: गरज की दुप्पट काम?

लकडीपूल
एआय एजंटच्या (स्वतः पावलं उचलून काम करणाऱ्या मॉडेलच्या) हाती टूल (त्याने गरजेनुसार वापरायचं फंक्शन) देताना बऱ्याच टीम माणसांसाठी लिहिलेलं रीडमी (वापराची माहिती देणारी फाइल) उचलतात आणि तसंच डिस्क्रिप्शनमध्ये ओततात. माझ्या मते एजंटसाठी वेगळं लिहावंच लागतं. माणूस अडला की शेजाऱ्याला विचारतो, कोडमध्ये डोकावतो. मॉडेलसमोर टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा साचा) एवढंच असतं. उरलेलं ते अंदाजाने भरतं, तेही अगदी ठामपणे.

समजा 'थांबा_शोधा' असं टूल आहे आणि वर्णन आहे "थांब्याची माहिती देते". एजंटने "शिवाजीनगर" पाठवलं. रेल्वे स्टेशन, मेट्रो स्टेशन की एसटी स्टँड? त्यात स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलेला. वर्णन असं हवं: "पुण्यातल्या थांब्याच्या नावावरून थांबा क्रमांक देते. वेळापत्रक देत नाही; त्यासाठी 'वेळापत्रक_बघा' वापरा. एका नावाचे अनेक थांबे असतील तर सगळी यादी येते. त्यातला एक स्वतः निवडू नका, वापरणाऱ्याला विचारा."

यात सगळ्यात मोलाचं काय, तर टूल काय करत नाही ते. 'येथे पत्ता विचारू नये' ही पाटी उगीच लागत नाही.

कडीकोयंडा
असहमत. पाटी लावण्यापेक्षा कडी लावा.

वर्णनात "तारीख दिवस-महिना-वर्ष अशी द्या" लिहिलं तरी कधीतरी ०३-०४-२०२५ उलट्या अर्थाने येणारच, आणि ३ एप्रिल की ४ मार्च हे सर्व्हरला कळणार नाही. आयएसओ ८६०१ मधली तारीख (वर्ष-महिना-दिवस) सक्तीची करा. स्कीमात 'फॉरमॅट' नुसतं लिहून भागत नाही, बरेच व्हॅलिडेटर (स्कीमाप्रमाणे तपासणारे प्रोग्राम) ते आपणहून तपासत नाहीत. तपासणी चालू करावी लागते. वाहनाचा प्रकार मोकळी स्ट्रिंग नको, एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) द्या: बस, मेट्रो, रेल्वे. 'ॲडिशनल प्रॉपर्टीज' (स्कीमात नसलेले पॅरामीटर चालतील का) फॉल्स ठेवा, म्हणजे मॉडेलने मनाने रचलेला पॅरामीटर गुपचूप गिळला जाणार नाही. आणि 'रक्कम' नव्हे, 'रक्कम_पैशांत'. नाहीतर ५०० रुपयांचे ५ रुपये होतात.

एवढं केल्यावर वर्णनाला एक वाक्य पुरतं. वेगळं डॉक म्हणजे पुढच्या रिलीजला शिळी होणारी दुसरी प्रत.

लकडीपूल
स्कीमा कडक हवा, मान्य. पण दोन टूलपैकी कोणतं घ्यायचं हे स्कीमा सांगत नाही. 'बुकिंग_रद्द' आणि 'बुकिंग_पुसा', दोन्हींना बुकिंग क्रमांकच लागतो. एकात नोंद राहते आणि परतावा निघतो, दुसऱ्यात दोन्ही गायब. दोन्ही कॉल व्हॅलिडेटरमधून पास. इथे कडी कुठे लावणार?

कडीकोयंडा
'पुसा' एजंटला देऊच नका. विषय संपला.

फेज_थ्री
दोघेही एरर मेसेज विसरलात. चूक झाल्यावर मॉडेलच्या पुढ्यात नेमकं तेच येतं. नुसतं "४०० बॅड रिक्वेस्ट" (विनंती चुकीची) आलं की एजंट तोच कॉल किंचित बदलून पुन्हा पुन्हा मारतो. "तारीख उलटून गेली आहे, आज २०२५-०६-१२ आहे, यापुढची द्या" असं आलं तर पुढचा कॉल सुधारायला त्याच्या हाती काहीतरी असतं. ४२९ (फार जास्त विनंत्या) या एररला किती सेकंद थांबायचं तो आकडा मजकुरातच घाला. एरवी तो 'रिट्राय-आफ्टर' या हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीत) असतो, आणि रॅपरने (मधल्या कोडने) फक्त बॉडी (मुख्य मजकूर) पुढे दिली तर तो वाटेतच गळतो.

खरी गोची टाइमआउटची, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तरच न येण्याची. पोस्ट कॉल (सर्व्हरवर नवी नोंद करणारा) अडकला, बुकिंग झालं की नाही कळलं नाही, एजंटने पुन्हा मारला: दोन तिकिटं. "टाइमआउट झाल्यास आधी 'बुकिंग_स्थिती' बघा" ही ओळ वर्णनात हवीच. पक्का उपाय मात्र आयडेम्पोटन्सी की, म्हणजे प्रत्येक बुकिंगच्या विनंतीसोबत जाणारी वेगळी खूण. ती तीच राहिली तर सर्व्हर दुसरं बुकिंग करत नाही. एमसीपीमध्ये (एजंटला टूल जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत) टूलला रीड-ओन्ली (फक्त वाचतं), डिस्ट्रक्टिव्ह (पुसू शकतं), आयडेम्पोटंट (पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच) अशा खुणा देता येतात, पण त्या इशारेवजा आहेत. अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विसंबून परवानगी देऊ नये.

(कमांड-लाइन टूल असेल तर "खात्री आहे का? हो/नाही" हा प्रश्न बंद करायचा फ्लॅग द्या. नाहीतर एजंट तिथेच लटकतो.)

हिशेबनीस
लांबीचं कोणी बोलत नाहीये. ४० टूल, प्रत्येकी ३०० टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे वाचतं ते), म्हणजे १२,००० टोकन पहिला प्रश्न यायच्या आतच खर्ची. देवनागरीला बहुतेक टोकनायझरमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून वर्णन इंग्रजीत ठेवलेलं परवडतं. लोक टाइप करतील ते 'स्टँड', 'मनपा' असे शब्द मात्र उदाहरणांत हवेत.

बाकी हा वाद तोंडी मिटणार नाही. २० प्रश्न लिहा. त्यातले ५ असे, की एकही टूल वापरायला नको. प्रत्येक ३ वेळा चालवा, कारण एकदा बरोबर आलं याला अर्थ नाही. कोणतं टूल निवडलं आणि पॅरामीटर काय दिले, दोन्ही वेगवेगळं मोजा. एका वेळी एकच ओळ बदला.

कडीकोयंडा
चाचणी पटली, सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) टाका. वर्णन स्कीमाच्याच फाइलमध्ये राहू द्या, विकीत नको. मग 'वेगळं' डॉक उरलं कुठे?

लकडीपूल
फाइल एकच असायला हरकत नाही. फक्त 'काय करत नाही' ती ओळ काढून ते ५ प्रश्न चालवा आणि आकडे इथे टाका.